आदल्या दिवशीचे अडथळे

कंटेनर ऑर्केस्ट्रेशनच्या कार्यशाळेचं आमंत्रण येतं तेव्हा शेवटी दोन ओळी हमखास असतात: लॅपटॉप सोबत आणावा, डॉकर आधीच घालून ठेवावं. वाचणारा मान डोलावतो आणि विसरून जातो. मग प्रत्यक्ष दिवशी सकाळी कुणाचं डॉकर उघडतच नाही, कुणाचं उघडतं पण काही उतरवून घेत नाही, कुणाची मशीन पंख्याचा आवाज करत गोठते. शिकवणारा फळा सोडून बाकांमधून फिरत राहतो आणि विषयाला हात लागेपर्यंत जेवणाची सुट्टी होते.

ही सकाळ वाचवणं हा या प्रकरणाचा एक हेतू आहे. दुसरा हेतू जास्त महत्त्वाचा. तयारी करताना जे जे अडतं, तेच प्रश्न ऑर्केस्ट्रेशनसमोरही असतात. मेमरी पुरत नाही, इमेज वेळेवर पोचत नाही, आवृत्त्या जुळत नाहीत, एका यंत्राचं घड्याळ मागे पडतं. हजार यंत्रांच्या डेटा सेंटरमध्येही रोज हेच घडतं, फक्त मोठ्या प्रमाणावर. म्हणून तयारी हे कटकटीचं काम समजून दुसऱ्याकडून उरकून घेऊ नका. ती स्वतः, डोळे उघडे ठेवून केलीत, तर कार्यशाळेचा निम्मा विषय घरीच होतो.

उदाहरणासाठी कोसाड घेऊ. सुरत स्टेशनावरून अहमदाबादच्या दिशेने निघालं की तापी ओलांडल्यावर उत्राण लागतं आणि त्यानंतर कोसाड. एकेकाळचं वेगळं गाव आता सुरत महापालिकेच्या हद्दीत आहे आणि महापालिकेची मोठी आवास वसाहतही इथेच आहे. धुळे, नंदुरबार, जळगाव भागातून सुरतेत आलेली मराठी कुटुंबं कितीतरी. महापालिका मराठी माध्यमाच्या शाळाही चालवते. अशा एखाद्या घरातला इंजिनिअरिंगचा विद्यार्थी डोळ्यांसमोर आणा. लॅपटॉप आठ जीबी मेमरीचा, तोही भावंडांत वाटून वापरायचा. इंटरनेट मोबाइलच्या हॉटस्पॉटवरचं. शनिवारी शहरात कार्यशाळा आहे आणि आज गुरुवार आहे. पुढचं सगळं त्याच्यासाठी.

एक माणूस, अनेक माग

आधी कंटेनर म्हणजे काय ते थोडक्यात. एखादा प्रोग्रॅम चालायला त्याच्यासोबत लायब्ररी, फाइली, सेटिंग असा बराच लवाजमा लागतो. हे सगळं एका गाठोड्यात बांधलं की झाली इमेज. ती चालू केली की झाला कंटेनर. कंटेनरला वाटतं की अख्खं यंत्र आपलंच आहे. प्रत्यक्षात त्याच्यासारखे अनेक जण एकाच लिनक्स कर्नलवर शेजारी शेजारी नांदत असतात.

ही कल्पना एका रात्रीत आलेली नाही. प्रोग्रॅमला फाइलींचा वेगळा कोपरा नेमून देणारी सोय युनिक्समध्ये १९७९ च्या सातव्या आवृत्तीतच होती. गूगलमधल्या पॉल मेनाज आणि रोहित सेठ या अभियंत्यांनी २००६ मध्ये एक काम हाती घेतलं: कुठल्या प्रोग्रॅमने किती प्रोसेसर आणि किती मेमरी वापरायची, याला लगाम घालण्याचं. 'सीग्रुप्स' या नावाने ते २००८ च्या सुरुवातीला लिनक्स कर्नलमध्ये आलं. मार्च २०१३ मध्ये पायथॉन भाषेच्या परिषदेत सॉलोमन हाइक्सने पाच मिनिटांच्या भाषणात डॉकर दाखवलं. त्यातलं तंत्र जुनं होतं, पण आता ते एका आज्ञेत कुणालाही वापरता येऊ लागलं.

एक कंटेनर चालवणं सोपं आहे. अडचण संख्येची आहे. गूगलमध्ये दर आठवड्याला दोन अब्जांहून अधिक कंटेनर सुरू होतात, असं २०१४ मध्ये त्यांच्याच अभियंत्याने जाहीर भाषणात सांगितलं होतं. कुठला कंटेनर कुठल्या यंत्रावर बसवायचा, मेला तर कोण उठवणार, गर्दी वाढली तर आणखी किती काढायचे, हे माणसाने बसून ठरवणं अशक्य. ते यंत्राकरवी करून घेणं म्हणजेच ऑर्केस्ट्रेशन. त्यासाठी गूगलने 'बोर्ग' नावाची अंतर्गत व्यवस्था उभारली होती. तो अनुभव घेऊन जो बेडा, ब्रेंडन बर्न्स आणि क्रेग मॅकलकी यांनी सुरू केलेला प्रकल्प जून २०१४ मध्ये सर्वांसाठी खुला झाला. त्याचं नाव कुबरनेटिस. जुलै २०१५ मध्ये त्याची १.० आवृत्ती आली. तेव्हा डॉकर स्वार्म आणि मेसॉस हे तगडे स्पर्धक होते. पण ऑक्टोबर २०१७ मध्ये खुद्द डॉकर कंपनीने कुबरनेटिसला आपल्या उत्पादनात जागा दिली आणि शर्यत जवळजवळ संपली. आज कार्यशाळेच्या नावात 'कंटेनर ऑर्केस्ट्रेशन' असलं की आत बहुधा कुबरनेटिसच असतं.

हे चालतं कसं, हे कोसाडच्या आसपासच्या अमरोली ते सायण पट्ट्यातल्या माणसाला समजावणं सोपं आहे. तिथे यंत्रमागाच्या कारखान्यात एका कारागिराकडे अनेक माग असतात. ज्या मागाला तशी सोय असते, त्यावर ताण्याचा धागा तुटला की त्या धाग्यावर टांगलेली पातळ पत्री खाली पडते आणि माग आपोआप थांबतो. कारागीर येतो, गाठ मारतो, माग पुन्हा सुरू करतो. 'तिसऱ्या मागाचा अमुक धागा जोड' असं त्याला कुणी सांगत नाही. त्याला एवढंच ठाऊक असतं की सगळे माग चालू असले पाहिजेत, आणि तो फिरत राहून जिथे फरक दिसेल तिथे हात घालतो. कुबरनेटिसचं काम अगदी असंच आहे. काय काय करायचं याच्या पायऱ्या आपण सांगत नाही. शेवटी काय दिसलं पाहिजे ते लिहून देतो. 'या प्रोग्रॅमच्या तीन प्रती चालू हव्यात' एवढं लिहिलं की बाकीची धावपळ त्याची.

पहिला अडथळा: लॅपटॉपच्या आतला लिनक्स

वर एक वाक्य येऊन गेलं: सगळे कंटेनर एकाच लिनक्स कर्नलवर नांदतात. मग विंडोजवर किंवा मॅकवर काय? तिथे लिनक्स कर्नल नसतं. म्हणून डॉकर डेस्कटॉप पडद्याआड एक छोटं आभासी लिनक्स यंत्र उभं करतं आणि कंटेनर त्यात चालवतं. विंडोजवर हे काम डब्ल्यूएसएल-२ नावाच्या सोयीतून होतं. ती २०२० पासून विंडोज १० मध्ये आहे आणि होम आवृत्तीवरही चालते.

आभासी यंत्र म्हटलं की प्रोसेसरची साथ लागते. ती बहुतेक लॅपटॉपमध्ये असते, पण काहींच्या बायॉसमध्ये बंद करून ठेवलेली असते. त्यामुळे गुरुवारी सर्वांत आधी हे पाहायचं: टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्सवर जा, सीपीयू निवडा. उजवीकडे खाली 'व्हर्च्युअलायझेशन' असा शब्द दिसेल. पुढे 'एनेबल्ड' असेल तर ठीक. 'डिसेबल्ड' असेल तर लॅपटॉप बंद करून बायॉसमध्ये शिरावं लागेल. इंटेलवर त्या पर्यायाला व्हीटी-एक्स म्हणतात, एएमडीवर एसव्हीएम. तिथे जायची कळ प्रत्येक कंपनीची वेगळी, म्हणून आपल्या मॉडेलची कळ आधीच शोधून ठेवा. कार्यशाळेच्या दिवशी हे करायला घेतलं की अर्धा तास गेलाच. कॉलेजच्या किंवा कंपनीच्या लॅपटॉपवर बायॉसला पासवर्ड असेल तर तो ज्याच्याकडे असेल त्याला शुक्रवारीच गाठायला हवं.

नंतर मेमरी. सेटिंग बदललं नसेल तर डब्ल्यूएसएल-२ विंडोजच्या एकूण मेमरीपैकी निम्म्यापर्यंतच मेमरी आपल्याकडे घेतं. म्हणजे आठ जीबीच्या लॅपटॉपवर लिनक्सच्या वाट्याला चार. एका यंत्रावर शिकण्यासाठी कुबरनेटिस उभं करणाऱ्या मिनिक्यूब या साधनाला कमीत कमी दोन प्रोसेसर, दोन जीबी मोकळी मेमरी आणि वीस जीबी डिस्क लागते. गणित बसतं, पण काठावर. ब्राउझरच्या वीस खिडक्या उघड्या ठेवून चालणार नाही. डिस्कही पाहून घ्या. वर्षानुवर्षांच्या लग्नाच्या व्हिडिओंनी भरलेल्या डिस्कवर वीस जीबी सहज मिळत नाहीत.

इथेच पहिला धडा दडलेला आहे. कुबरनेटिसमध्ये प्रत्येक कंटेनरसाठी दोन आकडे लिहिता येतात. एक 'रिक्वेस्ट', म्हणजे निदान एवढी मेमरी राखून ठेवा. दुसरा 'लिमिट', म्हणजे यापुढे जाऊ देऊ नका. नवा कंटेनर आला की शेड्युलर नावाचा भाग कुठल्या यंत्रावर तेवढी जागा शिल्लक आहे ते पाहतो. कुठेच नसेल तर कंटेनर 'पेंडिंग' म्हणून ताटकळत राहतो आणि कारण दाखवलं जातं: मेमरी अपुरी. तुम्ही आत्ता लॅपटॉपसाठी कागदावर जी वजाबाकी केलीत, तीच तो शेड्युलर दर वेळी करतो.

दुसरा अडथळा: इमेज उतरवणं

चाळीस जणांची कार्यशाळा धरा. कुबरनेटिस उभं करायची इमेज, सरावाच्या इमेजा आणि साधनं मिळून माणशी दीड जीबी उतरवायचं, असं मानू. झाले साठ जीबी. सभागृहात शंभर एमबीपीएसची लाइन आहे आणि ती पूर्ण वेगाने चालतेय असं धरलं, तरी हे सगळं उतरायला ऐंशी मिनिटं लागतात. चाळीस लॅपटॉप एकाच वाय-फाय राउटरवर लटकलेले असताना ती पूर्ण वेगाने चालत नाही, हे वेगळं सांगायला नको.

पण वेगाहून मोठी एक गोम आहे. जगातल्या बहुतेक सार्वजनिक इमेजा डॉकर हबवर असतात. नोव्हेंबर २०२० पासून डॉकर हबने मर्यादा घातली: लॉगिन न करता उतरवणाऱ्यांना एका आयपी पत्त्यामागे सहा तासांत शंभर इमेजा, आणि फुकट खात्याने लॉगिन केलेल्यांना दोनशे. सभागृहातले चाळीसही लॅपटॉप बाहेरच्या जगाला एकाच आयपी पत्त्याने दिसतात. प्रत्येकाने पाच इमेजा मागितल्या तर विसाव्या माणसापाशी शंभरी भरते आणि एकविसाव्याला उत्तर मिळतं: टू मेनी रिक्वेस्ट्स. त्याने काहीही चुकीचं केलेलं नसतं. मोबाइलच्या हॉटस्पॉटवरही हे होऊ शकतं, कारण मोबाइल कंपन्या एकाच सार्वजनिक पत्त्यामागे अनेक ग्राहक बसवतात. कोसाडच्या घरातल्या विद्यार्थ्याच्या कोट्यात त्याला माहीत नसलेले अनोळखी लोक वाटेकरी असतात.

उपाय तीन, आणि तिन्ही गुरुवारचे. डॉकर हबवर फुकट खातं काढा आणि लॅपटॉपवर लॉगिन करून ठेवा. मग मोजणी आयपीवर होत नाही, तुमच्या खात्यावर होते. आयोजकांकडून इमेजांची यादी आवृत्तीसकट मागवा आणि घरीच उतरवून ठेवा. तिसरा उपाय आयोजकांसाठी: सगळ्या इमेजा 'डॉकर सेव्ह' या आज्ञेने फाइलीत बांधून पेनड्राइव्हवर ठेवा, समोरच्याने 'डॉकर लोड' करायचं. इंटरनेट गेलं तरी कार्यशाळा चालू राहते.

यादी मागवताना आणखी एक विचारा: इमेज कुठल्या प्रोसेसरसाठी बनवली आहे? २०२० च्या शेवटी ॲपलने आपल्या एम-१ चिपचे लॅपटॉप काढले. त्यांची जात एआरएम. वर्गातले बाकीचे बहुतेक लॅपटॉप इंटेल-एएमडी जातीचे. एका जातीसाठी बांधलेली इमेज दुसऱ्या जातीवर चालवली की कधी कधी 'एक्झेक फॉरमॅट एरर' असा त्रोटक निरोप येतो आणि नवखा माणूस तासभर आपला कोड तपासत बसतो. दोन्ही जातींसाठी बांधलेली इमेज असली की प्रश्न मिटतो.

इमेज न मिळणं कुबरनेटिसमध्ये 'इमेज-पुल-बॅकऑफ' या नावाने दिसतं. इमेज मिळाली नाही तरी कुबरनेटिस हार मानत नाही. थोडं थांबतं, पुन्हा मागतं; पुन्हा नाही मिळाली तर आधीपेक्षा जास्त थांबतं. दहा सेकंद, वीस, चाळीस असं दुप्पट करत पाच मिनिटांपर्यंत. आधीच दमलेल्या सर्व्हरवर सगळ्यांनी एकदम तुटून पडू नये, म्हणून ही सबुरी.

तिसरा अडथळा: तुमचं क्लस्टर आणि इतरांचं

क्लस्टर म्हणजे एकत्र काम करणारी अनेक यंत्रं. एकाच लॅपटॉपवर ते कसं उभं राहणार? मिनिक्यूबसारखंच 'काइंड' नावाचं आणखी एक साधन यावर मजेदार तोडगा काढतं: एकेका कंटेनरला एकेक यंत्र मानतं आणि त्या कंटेनरांच्या आत आणखी कंटेनर चालवतं. आठ जीबी मेमरीवर आधी एका यंत्राचंच क्लस्टर उभं करा. ते नीट चाललं तर तीनचं करून पाहा.

क्लस्टरशी बोलायचं साधन म्हणजे क्यूबसीटीएल. त्याची आवृत्ती क्लस्टरच्या आवृत्तीपेक्षा एका पायरीहून जास्त पुढे किंवा मागे असू नये असा नियम आहे. कुबरनेटिसच्या वर्षाला तीन आवृत्त्या येतात, तेव्हा मागच्या वर्षीच्या कार्यशाळेतलं साधन या वर्षी जुनं झालेलं असतं. वरवर बरंचसं चालतं, आणि मधेच एखादी आज्ञा विचित्र वागते. अशा वेळी आवृत्ती सर्वांत आधी तपासावी.

मग घड्याळ. क्लस्टरचे भाग एकमेकांशी बोलताना प्रमाणपत्रं दाखवतात आणि प्रत्येक प्रमाणपत्रावर 'या वेळेपासून त्या वेळेपर्यंत वैध' असं लिहिलेलं असतं. झाकण मिटून झोपवलेला लॅपटॉप उघडला की आतल्या लिनक्सचं घड्याळ कधी कधी मागे राहिलेलं असतं. मग नुकतंच बनलेलं प्रमाणपत्र त्याला भविष्यातलं वाटतं आणि ते म्हणतं, हे अजून वैध नाही. डब्ल्यूएसएल बंद करून पुन्हा सुरू केलं की बहुधा निस्तरतं.

नोकरी करणाऱ्यांसाठी एक सावधगिरी. क्यूबसीटीएल कुठल्या क्लस्टरशी बोलणार, हे लॅपटॉपवरच्या 'होम' फोल्डरमधल्या एका फाइलीवर ठरतं. तुमच्या लॅपटॉपवर कंपनीच्या खऱ्या क्लस्टरचा पत्ता आधीच असेल आणि तोच निवडलेला असेल, तर कार्यशाळेतली 'हे सगळं पुसून टाका' ही आज्ञा थेट तिथे जाईल. कुठलीही आज्ञा देण्याआधी 'करंट-कॉन्टेक्स्ट' विचारून घ्यायची सवय आजपासून लावा. काइंडने बनवलेल्या क्लस्टरचं नाव 'काइंड'नेच सुरू होतं, त्यामुळे ओळखायला सोपं.

रंगीत तालीम

आता प्रत्यक्ष करून पाहू. एनजिनएक्स या वेब सर्व्हरची इमेज घ्या, 'दुकान' या नावाचं डिप्लॉयमेंट, म्हणजे प्रतींची मागणी, बनवा (लिहायचं रोमन लिपीत, लहान अक्षरांत) आणि प्रती तीन सांगा. क्यूबसीटीएलला पॉड दाखवायला सांगितलं की तीन ओळी येतात. पॉड म्हणजे कुबरनेटिसची सर्वांत लहान राहुटी, तिच्यात बहुधा एकच कंटेनर. प्रत्येक ओळीत 'दुकान' आणि त्यापुढे अक्षर-आकड्यांचं शेपूट, मग 'रनिंग' हा शब्द, किती वेळा पुन्हा सुरू व्हावं लागलं तो आकडा, आणि शेवटी वय.

यातला एक पॉड नाव घेऊन पुसून टाका आणि लगेच यादी पुन्हा मागवा. पुसलेला पॉड 'टर्मिनेटिंग' दिसेल किंवा गेलेला असेल. त्याच्याऐवजी नवं शेपूट लावलेला चौथा कुणीतरी आलेला असेल, वय दोन-तीन सेकंद. तुम्ही बोलावलं नव्हतं. तुम्ही फक्त 'तीन हवेत' असं मघाशी सांगितलं होतं आणि ते वाक्य एटसीडी नावाच्या नोंदवहीत लिहिलं गेलं होतं. कंट्रोलर नावाच्या भागाने पाहिलं की लिहिलेत तीन आणि चालू आहेत दोन. त्याने एकाची मागणी नोंदवली, शेड्युलरने जागा ठरवली, त्या यंत्रावरच्या क्यूबलेट नावाच्या हस्तकाने कंटेनर सुरू केला.

आणि दोन सेकंदांत कसा आला? कारण इमेज त्या यंत्रावर आधीच उतरलेली होती. नसती, तर हाच पॉड डॉकर हबच्या दारात रांगेत उभा असता.

मग मुद्दाम मोडून पाहा. डिप्लॉयमेंटचं वर्णन यॅमल नावाच्या फाइलीत लिहितात; तिथे इमेजच्या नावात एक अक्षर चुकवा आणि 'इमेज-पुल-बॅकऑफ' कसं दिसतं ते पाहून ठेवा. शंभर जीबी मेमरीची रिक्वेस्ट लिहा आणि पॉडला 'पेंडिंग' राहू द्या. लिमिट अगदी कमी ठेवून त्याहून जास्त मेमरी खाणारा प्रोग्रॅम चालवा. 'ओओएम-किल्ड' असा शेरा आणि १३७ हा आकडा दिसेल. हा आकडा १२८ अधिक ९. लिनक्समध्ये प्रोग्रॅमला जागच्या जागी ठार करण्याचा जो संकेत आहे, त्याचा क्रमांक नऊ. यॅमलमध्ये समास सोडताना टॅब वापरून पाहा, फाइल नाकारली जाईल. तिथे फक्त स्पेस चालते. प्रत्येक वेळी 'डिस्क्राइब' ही आज्ञा द्या आणि सर्वांत खालच्या 'इव्हेंट्स' वाचा. काय बिघडलं ते बहुतेक वेळा तिथे साध्या वाक्यात लिहिलेलं असतं, आणि नवखे लोक नेमकं तेच वाचत नाहीत.

लॅपटॉप साथ देत नसेल तर

चार जीबीच्या मशीनवर हे सगळं रेटू नका. डॉकरमध्ये काम केलेल्या जेरोम पेताझोनी यांनी कंटेनर ऑर्केस्ट्रेशनच्या कार्यशाळा जगभर घेतल्या आणि त्यांचं साहित्य सर्वांसाठी खुलं ठेवलं. त्यांनी लॅपटॉपचा प्रश्नच बाजूला सारला. प्रत्येक शिकणाऱ्यासाठी क्लाउडवर आधीच काही यंत्रं उभी करून ठेवायची आणि दारातच पत्ता-पासवर्डाची छापील चिठ्ठी हातात द्यायची. लॅपटॉपचं काम फक्त त्या यंत्रांपर्यंत पोचण्याचं. सरावासाठी त्यांनी डॉकरकॉइन्स नावाचं खोट्या नाण्यांचं ॲप लिहिलं. त्यात कामगार-कंटेनर दहापट केले तरी वेग दहापट होत नाही, कारण सगळे एकाच यादृच्छिक आकडे पुरवणाऱ्या सेवेपाशी खोळंबतात. नुसत्या प्रती वाढवून भागत नाही, गाडी कुठे अडते ते शोधावं लागतं, हे त्यातून हाताला कळतं.

ब्राउझरमध्ये चालणारे फुकट सराववर्गही आहेत. किलरकोडा हे त्यातलं प्रसिद्ध नाव. तिथे ठरावीक वेळाने क्लस्टर आपोआप नष्ट होतं, म्हणून केलेलं काम आपल्या फाइलीत उतरवून ठेवावं लागतं. आणि त्यांच्यावरच सगळी भिस्त ठेवू नये. कटाकोडा नावाचं असंच लोकप्रिय ठिकाण २०२२ मध्ये सर्वांसाठी बंद झालं आणि त्यावर उभे असलेले कित्येक धडे एका दिवसात निकामी झाले.

मोठ्यांची आदली रात्र

आधीच तयारी करून ठेवणं हे नवख्यांचं काम, जाणत्यांना त्याची गरज नाही, असं वाटत असेल तर १० जुलै २०१९ आठवा. मँचेस्टरला भारत-न्यूझीलंड विश्वचषक उपांत्य सामना चालू होता आणि हॉटस्टारवर एकाच वेळी दोन कोटी त्रेपन्न लाख लोक तो पाहत होते. धोनी धावबाद झाला आणि लोकांनी धडाधड सामना बंद केला. गर्दी ओसरली म्हणजे ताण कमी झाला असं नव्हतं. सामना सोडणारे परत मुखपृष्ठावर येत होते, त्यामुळे व्हिडिओवरचा भार उतरत असतानाच मुखपृष्ठाच्या सेवांवर एकदम लोंढा आला.

हॉटस्टारच्या अभियंत्यांनी नंतर जाहीर भाषणांत सांगितलं की अशा सामन्यांसाठी ते गर्दी पाहून यंत्रं वाढवणाऱ्या नेहमीच्या स्वयंचलित सोयीवर विसंबत नाहीत. नवं यंत्र उठायला आणि त्यावर ॲप तयार व्हायला वेळ लागतो, आणि क्रिकेटमध्ये तेवढा वेळ नसतो. म्हणून किती प्रेक्षकांना किती यंत्रं याची शिडी आधीच ठरलेली असते आणि हाताशी नेहमी जादा यंत्रं तयार असतात. १९ नोव्हेंबर २०२३ ला अहमदाबादच्या अंतिम सामन्यात त्याच मंचावर एकाच वेळी ५.९ कोटी प्रेक्षक होते. एवढ्या गर्दीलाही ऑर्केस्ट्रेशन पुरतं, पण यंत्रं उभी आणि इमेजा उतरलेल्या असतील तरच. हुकूम लगेच पोचतो. सामान पोचायला वेळ लागतोच, मग ते क्रिकेटच्या सामन्याचं असो वा चाळीस जणांच्या वर्गाचं.

शुक्रवारी संध्याकाळी, म्हणून, एक शेवटची तपासणी करा. क्लस्टर पूर्ण पुसून टाका. लॅपटॉप बंद करून पुन्हा सुरू करा, इंटरनेट तोडा आणि स्वतःच्या टिपणावरून, कुणाला न विचारता, ते पहिल्यापासून उभं करा. 'दुकान'च्या तीन प्रती वर आल्या, तर सगळं सामान खरोखर तुमच्या लॅपटॉपवर आहे. न आल्या तर काय आणि का अडलं ते टिपणात लिहा, इंटरनेट जोडून तेवढं उतरवून घ्या, आणि ते टिपण शनिवारी सोबत न्या. दहा जणांपैकी निदान तिघे तिथेच अडलेले असतील, आणि त्यांच्याजवळ बसून ते सोडवताना तुम्हाला जे कळेल ते शिकवणाऱ्याच्या स्लाइडवर नसेल.